खवलीच्या घराला खिडकी बसते

एका जंगलात एक होता वेटोळ्या, एक होती खवली आणि त्यांची एक होती गोळी.

जातीची ही खवल्या मांजरं. मांजरं नव्हेत बरं का मुलांनो, मांजराचं नाव त्यांना उगाच चिकटलंय. अंगभर खवले, पुढे लांबुडकं तोंड, आणि तोंडात जीभ एवढी लांब की जेवण झाल्यावर ती आत घ्यायलाच वेळ लागायचा.

वेटोळ्या स्वभावाने गरीब. खोड एकच. कुणी काही विचारलं की त्याचा गोळा व्हायचा. डोकं पोटात, शेपूट डोक्यावर, झालं काम. "अहो, पाहुण्यांना जेवायला थांबवू की जाऊ देऊ?" गोळा. "अहो, आज अंघोळ करणार की नाही?" गोळा. मग खवली त्याला पायाने कोपऱ्यात लोटायची आणि काय ते स्वतःच ठरवायची.

गोळी म्हणजे त्यांची लेक. ती आईच्या शेपटीवर बसून घरभर हिंडायची आणि दिवसभर एकच म्हणायची, "आई, भूक."

या घराची जेवायची एक रीत होती. घर ओंडक्यांचं, आणि त्याला एक जुनी लाकडी खिडकी. दिवस कलला की सगळ्यांनी खिडकीसमोर ओळीने बसायचं. जीभ बाहेर काढायची, चौकटीच्या भेगेत घालायची, आणि आत जी वाळवी वळवळत असेल ती चाटूनपुसून खायची. खवलीच्या सासूने जाता जाता तिला बजावलं होतं, "सूनबाई, वारुळं उकरत रानोमाळ हिंडतात ते लोक वेगळे. आपण खिडकीत जेवणारे."

हे खवलीने गाठीला बांधून ठेवलं होतं.

आता रोज त्या खिडकीत वाळवी जेवायची आणि रोज वाळवीला ही मंडळी जेवायची. खिडकी किती दिवस तग धरणार? एक दिवस वरची फळी खाली आली. मग झडप गेली. मग चौकट खचली. शेवटी नुसती कडी उरली, तीही आता कशाला धरून राहायचं ते न कळून खाली पडली.

भिंतीत उरलं एक चौकोनी भोक.

दिवस थंडीचे. भोकातून वारा सरळ आत यायचा आणि गोळीच्या नाकात शिरायचा. गोळी शिंकायची. शिंकली की तिचे खवले खुळखुळायचे. खवलीने पोरीच्या अंगाला हात लावला तर अंग गार. आणि खिडकीच नाही म्हटल्यावर जेवणही नाही.

"अहो," खवली म्हणाली, "पोर गारठून जाईल. खिडकी बसवायला हवी. कुठल्या लाकडाची बसवू या?"

वेटोळ्याचा गोळा झाला.

एवढ्यात भोकातून एक तोंड आत आलं. शेजारची साळूबाई. साळिंदरीण. हिच्या घराला सागाची खिडकी होती. सकाळी ती खिडकी पुसायची, दुपारी खिडकीत बसायची, आणि संध्याकाळी खिडकीबद्दल बोलायची.

"अगंबाई खवले! भिंतीला भोक कशाला पाडलंस?"

"खिडकी होती ती, साळूबाई."

"असेल हो. आम्हाला कधी दिसली नाही. आम्हाला आपला भुसाच दिसायचा." साळूबाईने नाक उडवलं. "आता घेशील ती सागाची घे. कठीण लाकूड! माझ्या खिडकीला आजवर वाळवी शिवलेली नाही. एकसुद्धा!"

असं म्हणून साळूबाईने अंगावरचे काटे असे काही फुलवले, की आपल्या अंगावर नुसते खवलेच आहेत याची खवलीला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने सुताराला बोलावलं. सुतार म्हणजे ठोकोजी, सुतारपक्षी. डोक्यावर लाल तुरा, तोंडात सदा लाकडाची कपची. समोर काय दिसेल त्यावर आधी चोच मारून बघायची त्याची सवय. दारावर टक् टक्. भिंतीवर टक् टक्. कोपऱ्यातल्या वेटोळ्यावर टक् टक्.

"वा! वहिनी, हा ओंडका कुठला? आवाज झकास आहे. याची चौकट काय सुंदर होईल!"

"ते आमचे हे आहेत."

"असू द्या. लागत नसले कधी तर सांगा." ठोकोजी खिडकीच्या भोकात जाऊन बसला. "आता ऐका. लाकडाच्या जाती दोन. एक कठीण, एक मऊ. बाकी सगळं पॉलिश. कठीण म्हणजे आपला साग. वजनाला भारी. ऊन सोसतो, पाऊस सोसतो, तुमच्या नातवंडांना पुरेल. काम करताना माझी चोच बोथट होते, म्हणून अळ्या दुप्पट घेईन. दुसरी आपली सावर. मऊ. हलकी, गोरीपान, कापायला लोण्यासारखी. पण दरसाल तेल पाजायचं, रंग द्यायचा. विसरलात की वाळवी आलीच. वाळवीला सावर म्हणजे लग्नाचं जेवण."

"आई, भूक," गोळी म्हणाली.

आता मुलांनो, तुमच्या डोक्यात आलं ते मला कळलं. पण हळू बोला. खवलीच्या डोक्यात ते आलेलं नव्हतं. तिच्या डोक्यात साळूबाई बसली होती, काटे फुलवून, आणि आत दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

कोपऱ्यातून दबका आवाज आला. "अगं... मऊच बरी... जेवायला..."

"पोटात तोंड घालून बोलू नका," खवली म्हणाली. "काही सांगायचं असेल तर उघडून सांगा."

उघडून सांगायचं म्हणजे मत द्यायचं आलं. वेटोळ्या आणखी घट्ट झाला.

खवलीने आपला हिशेब मांडला. आपली खिडकी अशी कुजकी, पडकी, तरी तिने पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातलं. मग चांगली सागाची खिडकी किती जेवू घालेल! साळूबाई उगाच का एवढी भरलेली आहे?

"सागाची करा," ती म्हणाली. "पण वाळवी लागणार नाही ना?"

"गॅरंटी आहे, वहिनी."

"किती दिवसांची?"

"मी तुम्हाला दिसेन तोवरची," ठोकोजी म्हणाला आणि कामाला लागला.

खिडकी झाली. काय ती खिडकी! रंग मधासारखा. झडप लावली की वारा बाहेर उभा राहून नुसता कण्हायचा, आत यायची सोय नाही. गोळीच्या शिंका थांबल्या. अंगात ऊब आली. अर्धं जंगल खिडकी बघायला येऊन गेलं. साळूबाईही आली. तिने खिडकी पुढून बघितली, मागून बघितली आणि म्हणाली, "बरी आहे. आमच्या सागाला रेषा जास्त आहेत."

खवलीला कळलं, खिडकी फारच चांगली झालेली आहे.

दिवस कलला. तिघं रीतीप्रमाणे ओळीने बसली. जिभा बाहेर काढल्या. खवलीची जीभ चौकटीवर गेली. भेग नाही. वर गेली. भेग नाही. गोळीची जीभ पॉलिशवरून जी घसरली ती वेटोळ्याच्या कानात गेली.

"नवी आहे ना," खवली म्हणाली. "रुळायला वेळ लागेल."

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बसली. तिसऱ्याही. खिडकी काही रुळेना.

"आई, भूक."

"खिडकी बघ गं किती छान आहे."

"बघितली. भूक."

शेवटी खवलीने मनाचा दगड केला. सासूच्या फोटोकडे पाठ फिरवली आणि नवऱ्याला म्हणाली, "मागच्या टेकाडावर एक वारूळ आहे. कुणी बघत नाही असं बघून जा आणि पोरीपुरतं घेऊन या."

वेटोळ्या गेला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वारुळाला नख लावलं, तोच मागून आवाज आला.

"अगंबाई! खिडकी सागाची, आणि जेवायला वारुळावर?"

साळूबाई! ती कंद उकरायला तिकडे आली होती. वेटोळ्याचा तिथल्या तिथे गोळा झाला. टेकाड उताराचं. गोळा जो सुटला तो झुडपं मोडत, दगडांवर आपटत थेट ओढ्यात. खवलीने त्याला बाहेर काढून उन्हात वाळत घातला. त्यानंतर वारुळाचं नाव घरात कुणी काढलं नाही.

उंबऱ्यातल्या चार मुंग्या चाटून दिवस ढकलायचे. त्या मुंग्याही मोठ्या माणसांनी गोळीसाठी ठेवायच्या. गोळीचे खवले सैल झाले. आणि एक दिवस घरातून चालता चालता खवलीला शेपूट हलकं लागलं. वळून बघते तर गोळी मागे जमिनीवर पडलेली. शेपटीला धरून बसायचंही त्राण पोरीत उरलं नव्हतं.

खवलीच्या डोक्यातून साळूबाई तेव्हा कुठे उठली. रिकाम्या जागेत एकच विचार शिरला, जो तुमच्या डोक्यात मघाशीच शिरला होता.

ती तडक ठोकोजीच्या झाडाखाली गेली.

"सावरीची खिडकी करा. आजच्या आज."

"सावरीची? अहो, परवाच तर साग बसवला!"

"करा म्हणते ना. तेल नको, रंग नको. आणि एक सांगा, वाळवी लागेल ना नक्की?"

ठोकोजीच्या तोंडातली कपची खाली पडली. आयुष्यभर गिऱ्हाइकांनी त्याला विचारलं होतं, लागणार नाही ना? लागेल ना, असं विचारणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"वहिनी," तो म्हणाला, "याची मात्र मी खरी गॅरंटी देतो."

सावर मऊ. खिडकी बघता बघता तयार झाली. ठोकोजी पुढून ओढतोय, खवली मागून ढकलतेय, अशी वरात निघाली. वाट साळूबाईच्या खिडकीखालून जाणारी. आणि दुपारची वेळ म्हणजे साळूबाई खिडकीत बसलेली.

"थांबा थांबा! हे काय? सावर? आणि सागाला काय झालं?"

खवली थांबली. पोर उपाशी आहे असं कसं सांगायचं? खिडकीत जेवणाऱ्या लोकांनी, आणि तेही साळूबाईला? तिने तोंड उघडलं आणि जे आधी बाहेर पडलं ते पडलं.

"साग काय हो, आता सगळ्यांकडेच असतो."

साळूबाईचा एक काटा गळून खाली पडला.

"सगळ्यांकडे?"

"हो ना. आता मोठी मोठी माणसं सावर घेतात. सावर श्वास घेते म्हणे. घरातली हवा हलकी राहते. पोरं कशी गुटगुटीत होतात." एकदा जीभ सुटली की खवलीला ती आवरायची नाही. लांबच होती. "आपले ठोकोजीच म्हणतात."

"काय हो ठोकोजी? खरं?"

ठोकोजी काहीच बोलला नव्हता. पण सुतारपक्ष्याची मान. ती सवयीने खालीवर व्हायचीच. ती झाली.

"उतरवा ती खिडकी इथे," साळूबाई म्हणाली.

"अहो काकू, ही वहिनींची आहे."

"तुमचं जुनं गिऱ्हाईक कोण? मी का ती?" साळूबाईने सगळे काटे एकदम वाजवले. "काढा माझा साग! आत्ताच्या आत्ता काढा!"

ठोकोजीने काट्यांकडे बघितलं, आपल्या लाल तुऱ्याकडे बघता येत नव्हतं म्हणून तो चाचपला, आणि खिडकी उतरवली.

खवली रिकाम्या हाताने घरी आली. लेकीच्या तोंडचा घास तिने स्वतःच्या जिभेने शेजारणीला दिला होता. कुणाला सांगायची सोय नाही. वेटोळ्याला सांगितलं. तो गोळा झाला. या वेळी तिने त्याला लोटलं नाही. त्याला टेकून बसली.

"दुसरी करून देतो, वहिनी," ठोकोजी म्हणाला होता. पण तोवर बातमी जंगलभर झाली. साळूबाईने साग काढला! सावर बसवली! सावर श्वास घेते! भेकरीण धावली, सशीण धावली, रानडुकरीण तर सावरीचं झाडच मुळासकट उपटून घेऊन आली आणि म्हणाली, मला आधी. जुन्या सागाच्या खिडक्या लोकांनी ओढ्यावर पूल म्हणून टाकल्या. ठोकोजीला श्वास घ्यायला फुरसत नाही.

"माझी खिडकी?" खवली रोज विचारायची.

"नंबर लावलाय, वहिनी. शेवटी आहे."

गोळी आता भूक म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती. सागाच्या खिडकीखाली पडून राहायची. इतकी वर्षं जी भुणभुण नकोशी व्हायची, ती ऐकायला खवलीचे कान आसुसले.

आणि मग एका सकाळी शेजारून किंकाळी आली.

थोड्या वेळाने मागच्या दाराशी खसखस झाली. साळूबाई. पुढच्या दाराने वाजत गाजत येणारी बाई मागच्या दाराने आली होती. काटे सगळे अंगाला चिकटलेले. भिजलेल्या केरसुणीसारखी दिसत होती.

"खवले, कुणाला सांगणार नाहीस ना?"

"काय झालं?"

"शपथ घे आधी."

"घेतली. काय झालं?"

साळूबाईने इकडेतिकडे बघितलं आणि कुजबुजली, "वाळवी."

गोळीने एक डोळा उघडला.

"कुठे?" खवलीने विचारलं.

"खिडकीत. नव्या खिडकीत!"

"थोडी आहे?"

"थोडी कुठली बाई! भरलीय नुसती. वळवळतेय. पांढरी, लठ्ठ. शी! अन्नाची वासना उडाली माझी."

आणि तेव्हा, मुलांनो, त्या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. कोपऱ्यातला गोळा हलला. शेपूट बाजूला झालं. पोटातून डोकं वर आलं. वेटोळ्या चार पायांवर नीट उभा राहिला, साळूबाईच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःहून प्रश्न विचारला.

"किती वाजता येऊ?"

तिघं गेली. खवलीने गोळीला पाठीवर घेतलं होतं. साळूबाईच्या खिडकीसमोर ओळीने बसली. जिभा बाहेर काढल्या. सावरीला भेगाच भेगा, आणि भेगेभेगेत जेवण. बराच वेळ घरात नुसता चप् चप् आवाज. साळूबाई तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे बघत उभी.

"आई," गोळी म्हणाली, "आणखी."

खवलीने डोळे पुसले. मग तोंड पुसलं.

"गेली?" साळूबाईने पदराआडून विचारलं. "सगळी? तुम्ही ती चक्क... बाई बाई! किळस नाही आली? हे उपकार मी कधी फेडू?"

"उपकार कसले," खवली म्हणाली. "शेजारधर्म आहे."

"पुन्हा झाली तर?"

"होईलच ती. आम्ही येऊच."

आता तुम्ही म्हणाल, साळूबाईने सावर काढून पुन्हा साग का नाही बसवला? कसा बसवणार? सावर किती चांगली ते तिनेच घरोघरी जाऊन सांगितलं होतं. आणि ज्यांनी ज्यांनी घेतली, त्यांनीही पुढे तसंच सांगितलं होतं. वाळवी लागली ती फक्त आपल्याच घराला, बाकी सगळ्यांच्या खिडक्या छान श्वास घेताहेत, असं ज्याला त्याला वाटत होतं. म्हणून भेकरीण आली ती मागच्या दाराने. सशीण आली, मागच्या दाराने. रानडुकरीण मागच्या दारात मावेना, तिने दार तोडलं, पण आली मागूनच. प्रत्येकीचं म्हणणं एकच. "कुणाला सांगू नका हो. आणि येताना सगळे या."

खवलीने कुणाला सांगितलं नाही. आणि येताना सगळे गेले.

असेच दिवस जात असताना ठोकोजी दारात हजर. पाठीवर खिडकी. चोच झिजून निम्मी झालेली.

"वहिनी! आला तुमचा नंबर! ही घ्या अस्सल सावर. काढू हा साग?"

खवलीने आपल्या सागाच्या खिडकीकडे बघितलं. झडप घट्ट. कडी जागच्या जागी. बाहेर वारा कण्हतोय, आत ऊब. खिडकीखाली गोळी पोट वर करून झोपलेली.

"राहू द्या, ठोकोजी," ती म्हणाली. "आम्ही बाई जुन्या वळणाची माणसं. आम्हाला नाही झेपायची नवी फॅशन."

त्या दिवसापासून त्या घराला काही कमी पडलं नाही. आज भेकरांकडे, उद्या सशांकडे, सणासुदीला रानडुकरांकडे. खवलीला आमंत्रणं इतकी की ती म्हणायला लागली, "बघते हो, जमलं तर येते." वेटोळ्याला अंग आलं. गोळी तर अशी गुबगुबीत झाली की लोक पोरीकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत, बघा, सावरीच्या हवेचा गुण! आणि जेवून घरी आलं की ती तिघं सागाची खिडकी लावून घेत आणि वाऱ्याचं कण्हणं ऐकत गाढ झोपी जात.

तात्पर्य: खिडकी आपली कठीण लाकडाची असावी, शेजाऱ्याची मऊ लाकडाची असावी, आणि शेजारधर्म रोज जेवणाच्या वेळी पाळावा.